वजीर उतरवून

सन २०२५ च्या श्रावणांतील गोष्ट. सकाळचें स्नान आटोपून आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलों होतों. त्यांत नागपूरच्या कु. दिव्या देशमुख हिचें छायाचित्र आलें होतें. जॉर्जिया देशांतील बाटुमी या शहरीं झालेल्या महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषक स्पर्धेंत, वयानें आपल्याहून दुपटीनें मोठ्या अशा कोनेरू हंपी या नामांकित विदुषीस अंतिम फेरींत हरवून अवघ्या १९ व्या वर्षीं तिनें तो चषक जिंकला होता, आणि चित्रांत ती आईच्या गळ्यांत पडून रडत होती. आमची सहा वर्षांची नात आमच्या खांद्यावर हनुवटी टेकून मागून तें चित्र पाहात होती. तिनें विचारिलें, "आजोबा, ही हरली का?"

"नाहीं बाळ, जिंकली."

"मग रडते कशाला?"

छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविल्यावर मुलांच्या प्रश्नांना भिण्याचें आम्हांस कारण उरलें नाहीं, अशी आमची समजूत होती. पण या प्रश्नाचें उत्तर चटकन् देतां आलें नाहीं. वेळ मारून नेण्यासाठीं आम्ही म्हणालों, "तें समजायला तो खेळ यावा लागतो." यावर तिनें क्षणाचाहि विलंब न लावितां म्हटलें, "मग मला शिकवा." अशा रीतीनें आम्ही आमच्याच शब्दांत सांपडलों. मनांतून आनंद झाला. पण त्या आनंदाबरोबर एक जुनी टोंचणीहि जागी झाली. ती कोणती, तें योग्य स्थळीं सांगूं.

माळ्यावरून आमच्या तीर्थरूपांचा कापडी पट आणि सावंतवाडीच्या लांकडी सोंगट्यांची पेटी काढली. पेटी उघडतांच नातीची दृष्टि काळ्या वजिरावर गेली. तो इतरांहून बोटभर उंच आणि रंगानें फिकट. "हा एकटाच असा कां?" तिनें विचारिलें. "जुना हरवला. उंदरांनीं नेला असेल. हा सुताराकडून करून घेतलेला आहे," आम्हीं सांगितलें. चिरंजीव सातारच्या आपल्या बँकेस जावयास निघाले होते. दारांत वाकून बुटाचे बंद बांधतां बांधतां त्यांनीं एकवार आमच्याकडे पाहिलें, आणि कांहींएक न बोलतां ते पायऱ्या उतरून गेले. त्या पाहण्याचा अर्थ आम्हांस पुढें कित्येक महिन्यांनीं कळला.

पहिल्या दिवशीं आम्हीं जी चूक केली ती आमच्या पेशास साजेशीच होती. शिकवावयाचा होता खेळ, आणि आम्हीं दिलें व्याख्यान! हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ हीं सेनेचीं चार अंगें, म्हणून या खेळास चतुरंग म्हणत. बाणभट्टानें सातव्या शतकांत 'हर्षचरितां'त याचा उल्लेख केला आहे. आठ आठ घरांच्या या पटास अष्टापद असें नांव होतें. येथून हा खेळ इराणांत गेला, तेथें 'चत्रंग' झाला, अरबांनीं त्याचा 'शतरंज' केला, आणि आपण जो 'शह' म्हणतों तो फारसी 'शाह' म्हणजे राजा या शब्दापासून आला. एवढें सांगून आम्हीं सहाहि प्रकारच्या मोहऱ्यांच्या चाली एका दमांत सांगितल्या आणि मान वर करून पाहिलें. नातीनें चारी घोडे एका ओळींत बांधले होते आणि ती त्यांना तांदुळाचे दाणे चारीत होती. माजघराच्या दारांतून आमच्या सौभाग्यवती हें सर्व पाहात होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "अहो, सहा वर्षांची पोर ती. तुमचा दहावीचा वर्ग नव्हे."

रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशीं आम्हीं पेटींतून फक्त प्यादीं बाहेर काढलीं. तिचीं आठ पांढरीं, आमचीं आठ काळीं. राजा नाहीं, वजीर नाहीं, शह नाहीं, मात नाहीं. प्यादें सरळ चालतें, तिरपें मारतें, पहिल्या चालीस हवें तर दोन घरें जातें, आणि कधींहि मागें फिरत नाहीं. ज्याचें प्यादें प्रथम पलीकडच्या कांठास पोंचेल तो जिंकला. संपूर्ण खेळ एवढाच. हा डाव पांच-सात मिनिटांत संपतो, मूल थकत नाहीं, आणि 'माझ्या चालीनंतर समोरचा काय करील' हा जो या खेळाचा सगळा गाभा, तो मात्र त्यांत पुरेपूर असतो. चार दिवसांत नातीनें आपणहून शोध लावला कीं, दोन प्यादीं शेजारीं शेजारीं असलीं म्हणजे त्यांच्या पुढच्या घरांत पाऊल टाकण्यास शत्रु भितो. "तीं हातांत हात धरून आहेत," ती म्हणाली. व्याख्यानानें हें आम्हांस शिकवितां आलें नसतें.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. आम्ही लहानपणीं वडिलांपाशीं शिकलों तो देशी खेळ. त्यांत प्यादें पहिल्या चालीसहि एकच घर सरकावयाचें, आणि पलीकडे पोंचल्यावर तें ज्या मोहऱ्याच्या घरांत जाई तोच मोहरा होई. हवा तो मोहरा मागतां येत नसे. राजाला शह बसण्यापूर्वीं एकदां घोड्याप्रमाणें उडी घेण्याची मुभा असे. हें ऐकून नात म्हणाली, "म्हणजे तुमच्या वेळचीं प्यादीं हळू चालायचीं?" "हो बाळ, आमच्या वेळीं सगळेंच हळू चालायचें." पण या हळू चालणाऱ्या खेळास कोणीं कमी लेखूं नये. पंजाबांतील मीर सुलतान खान हा लहानपणीं हाच देशी खेळ शिकला. पुढें विलायतेस जाऊन, तिकडचे नियम नव्यानें आत्मसात् करून त्यानें १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळां ब्रिटिश अजिंक्यपदें मिळविलीं, आणि हेस्टिंग्ज येथें प्रत्यक्ष कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्यासहि नमविलें. आरंभ सावकाश झाल्यानें बुद्धि मागें पडते असें नाहीं.

प्याद्यांनंतर आठवड्याला एक मोहरा, असा क्रम आम्हीं ठरविला. हत्ती सोपा, तो आमच्या गल्लीसारखा सरळ. उंट तिरपा, आणि पांढऱ्या घरांतला उंट जन्मभर पांढऱ्याच घरांत राहतो, काळीं घरें त्याच्या नशिबींच नाहींत, हें ऐकून नातीस त्याची फार कींव आली. घोड्याची अडीच घरांची चाल मात्र मुलांना अवघड जाते. मोठीं माणसें ती बोटानें दाखवितात; मूल ती बोटानें शिकत नाहीं. आम्हांस या ठिकाणीं आमचें संस्कृत उपयोगीं पडलें. चौदाव्या शतकांतील श्रीवैष्णव आचार्य वेदान्तदेशिक यांच्या 'पादुकासहस्र' या स्तोत्रांत दोन श्लोक असे आहेत कीं, पहिल्याचीं बत्तीस अक्षरें आठ आठांच्या चार ओळींत मांडून घोड्याच्या चालीनें वाचीत गेलें असतां दुसरा श्लोक तयार होतो. घोडा प्रत्येक घरांत एकदां आणि एकदांच जातो. काश्मीरच्या रुद्रटानें तर याहून पांचशें वर्षें आधीं, नवव्या शतकांत, आपल्या 'काव्यालंकारां'त असा तुरगबंध करून दाखविला आहे. शाळेंत हा प्रकार आम्ही फळ्यावर मांडीत असूं तेव्हां दोन-तीन विद्यार्थ्यांचे डोळे चमकत आणि बाकीचे जांभया देत. नातीसाठीं आम्हीं अक्षरांच्या जागीं शेंगदाणे ठेविले. अर्ध्या पटावर एका घरांत घोडा आणि उरलेल्या एकतीस घरांत एकेक दाणा. घोडा ज्या घरांत उडेल तेथला दाणा तिचा. एकदां रिकाम्या झालेल्या घरांत पुन्हां जावयाचें नाहीं. पहिल्या दिवशीं नऊ दाण्यांवर घोडा अडला, आठव्या दिवशीं तेवीसांवर. नवव्या दिवशीं तोंडांतला दाणा चावतां चावतां ती एकाएकीं थांबली आणि म्हणाली, "आजोबा, हा पांढऱ्यावरून उडाला कीं काळ्यावरच पडतो. दरवेळीं!" असे क्षण शिक्षकाच्या आयुष्यांत फार नसतात. कोणीं न सांगतां एक नियम तिनें पाहिला होता. आम्हीं तिला आणखी मूठभर शेंगदाणे दिले.

वजिराच्या वेळीं वाद निघाला. तिच्या शाळेंतल्या इंग्रजी पुस्तकांत तो वजीर नसून राणी आहे. "मी राणीच म्हणणार," तिनें बजाविलें. आम्हीं सांगितलें कीं, पूर्वीं इकडे आणि इराणांत हा राजाचा मंत्री असे आणि बिचारा एका वेळीं एकच घर तिरपा सरके; युरोपांत गेल्यावर त्याची राणी झाली, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला चोहों दिशांस वाटेल तितकें धांवण्याचें बळ मिळालें. नातीनें क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग बरोबरच आहे." काय बरोबर, तें तिनें सांगितलें नाहीं. तेव्हांपासून तिच्या बाजूस राणी असते आणि आमच्या बाजूस वजीर.

राजा सर्वांत शेवटीं. तो मारला जात नाहीं, फक्त त्याच्या सगळ्या वाटा बंद होतात, हें कळावें म्हणून आम्हीं दोन हत्ती आणि एकटा राजा एवढेंच पटावर ठेवून, एक हत्ती रांग अडवितो व दुसरा शह देतो, अशा रीतीनें राजाला पटाच्या कांठापर्यंत ढकलीत नेण्याचा अभ्यास करविला. दोन नियम मात्र पहिल्यापासून पाळले. एक, वीस मिनिटांहून अधिक बसावयाचें नाहीं. मुलाला आणखी खेळावेंसें वाटत असतांनाच पट उचलावा. दुसरा, हात उचलण्यापूर्वीं 'समोरचा हा मोहरा येथें कशाला आला?' हें मोठ्यानें विचारावयाचें. चाल परत घेण्यास मोकळीक होती. पण ती कां परत घ्यावीशी वाटली तें सांगावें लागे. 'हात लाविला कीं चालविलाच पाहिजे' हा नियम चांगला खरा, परंतु तो पोहूं लागलेल्या मुलासाठीं आहे; अजून पाण्यांत उतरणाऱ्यासाठीं नव्हे.

नवरात्राच्या सुमारास पूर्ण डाव सुरूं झाले, आणि खरी परीक्षा तेथें आली. तिची नव्हे, आमची.

ती हरूं लागली. दुसरें होणार तरी काय? पहिल्या दिवशीं ओठ घट्ट मिटून ती उठून गेली. दुसऱ्या दिवशीं डोळे भरले. तिसऱ्या दिवशीं तिनें हाताच्या एका फटकाऱ्यानें पट उधळून दिला आणि सोंगट्या ओसरीभर घरंगळल्या. सूनबाई आंतून धांवत आल्या आणि मुलीस रागावूं लागल्या. आम्हीं त्यांस थांबविलें, खालीं वाकून एकेक सोंगटी वेंचली, आणि मनाशीं ठरविलें कीं, उद्यांपासून आपण हरावयाचें.

हरण्यांत आम्ही लवकरच तरबेज झालों. तिचा उंट ज्या रांगेवर डोळा ठेवून आहे तेथेंच आपला घोडा नेऊन बसवावा, मग कपाळावर हात मारून "अरेरे!" म्हणावें, वजीर अशा जागीं ठेवावा कीं प्याद्यानेंहि मारावा. नात जिंकली. ती स्वयंपाकघरांत धांवत गेली, आजीनें तिच्या हातावर साखर ठेविली, मामाला दूरध्वनि गेला, सातारहून परतलेल्या बाबांना दारांतच वार्ता मिळाली. दिवाळीचे चार दिवस घरांत नुसता जयघोष चालला होता, आणि पराभूत आजोबा मिशींत हंसत होते.

पांचव्या दिवशीं आम्हीं नेहमींप्रमाणें घोडा पुढें सरकविला. नातीनें तो मारला नाहीं. ती घोड्याकडे, मग आमच्याकडे, मग पुन्हां घोड्याकडे पाहात राहिली.

"आजोबा, हात उचलण्याच्या आधीं पाहायचं, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो."

"मग तुम्ही पाहिलं नाहींत?"

"म्हातारपण, बाळ. नजर चुकली."

"खोटं," ती हळूच म्हणाली. थोड्या वेळानें तिनें विचारिलें, "मग मी दिवाळींत जिंकले तेंहि खोटंच का?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तिनें या वेळीं पट उधळला नाहीं. एकेक सोंगटी उचलून नीट पेटींत भरली, पेटी आमच्यापुढें ठेविली, आणि आठ दिवस ती त्या पेटीकडे फिरकली नाहीं. उधळलेल्या पटापेक्षां ती नीट लाविलेली पेटी आम्हांस अधिक बोंचली.

आतां ती जुनी टोंचणी सांगतों. तीस वर्षांमागें चिरंजीव आठ वर्षांचे असतांना त्यांनाहि आम्हीं हाच खेळ शिकविला होता. त्या वेळीं आमचें मत निराळें होतें. हरल्याशिवाय मूल कणखर होत नाहीं, खेळांत दयामाया दाखविणें हा खेळाचा अपमान आहे, असें आम्ही मानीत असूं. रोज सायंकाळीं संध्या आटोपली कीं डाव मांडावा, मुलाला पंचवीस-तीस चालींत मात करावी, आणि नंतर लाल पेन्सिलीनें निबंध तपासावा तशा त्याच्या चुका क्रमवार सांगाव्या. असें दीड वर्ष चाललें. तेवढ्या काळांत तो एकहि डाव जिंकला नाहीं. एके दिवशीं आम्हीं हांक मारली तेव्हां तो म्हणाला, "अण्णा, मला अभ्यास आहे." त्यानंतर तो आमच्यासमोर त्या पटावर कधींहि बसला नाहीं. पुढें शिकला, नोकरीस लागला, संसारीं झाला. आम्हांस कधीं उलट शब्द बोलला नाहीं. पण त्याचें आमचें बोलणें कामापुरतेंच राहिलें. त्याला या खेळाची गोडीच नाहीं, असें आम्ही लोकांस सांगत आलों, आणि स्वतःसहि तेंच सांगत आलों.

त्या आठ दिवसांत हें सर्व आमच्या मनांत फिरूं लागलें. मुलापुढें आम्ही केवळ जिंकत होतों, नातीपुढें केवळ हरत होतों. वरवर पाहतां या दोन टोंकाच्या गोष्टी. पण दोहोंचें मूळ एकच होतें. मुलाच्या वेळीं आम्हीं आपला पराक्रम पाहिला, नातीच्या वेळीं आपलें औदार्य पाहिलें. समोर बसलेल्या मुलाकडे दोन्ही वेळां आमचें लक्षच नव्हतें. एकास आम्हीं आपल्या बरोबरीचें समजून चिरडलें. दुसरीस बरोबरीची कधींच होणार नाहीं असें समजून फसविलें.

शिष्याकडून आणि पुत्राकडून होणाऱ्या पराजयाची इच्छा धरावी, अशा अर्थाचें एक सुभाषित आम्हीं जन्मभर वर्गांत शिकविलें. त्यांतलें क्रियापद 'इष्' म्हणजे इच्छिणें या धातूचें आहे, 'कृ' म्हणजे करणें या धातूचें नव्हे, हें आम्ही मुलांकडून वदवून घेत असूं, चुकल्यास गुणहि कापीत असूं. त्या एका धातूच्या पोटांत केवढा अर्थ आहे, तो मात्र सेवानिवृत्त झाल्यावर, सहा वर्षांच्या मुलीनें शिकविला. पराजय इच्छावा, घडवून आणूं नये. घडवून आणलेला पराजय हा शिष्याचा विजयच नव्हे.

मग वडील माणसानें करावें तरी काय? खरें खेळावें तर मूल मोडतें, खोटें खेळावें तर विश्वास मोडतो. याचें उत्तर जुन्या खेळाडूंनीं केव्हांच देऊन ठेविलें आहे. बलवान् खेळाडू दुर्बळाशीं खेळतांना आपला एखादा मोहरा आरंभींच पटावरून उतरवून ठेवीत, आणि मग उरलेल्या सैन्यानिशीं जीव तोडून खेळत. यांत लपवाछपवी नसते. अंतर किती आहे तें दोघांसहि माहीत असतें, आणि तें उघडपणें पटाबाहेर ठेविलेलें असतें.

नवव्या दिवशीं आम्हीं नातीस हांक मारिली आणि तिच्यादेखत तो फिकट काळा वजीर उचलून खिडकीच्या फळीवर ठेविला. "हें बघ, आजोबा साठ वर्षें खेळताहेत, तूं चार महिने. म्हणून आमचा वजीर आज खेळणार नाहीं."

तिनें वजिराकडे पाहिलें. "पण बाकी सगळं खरं खेळणार?"

"अगदीं खरें."

"आणि मी हरले तर?"

"तर खरीच हरशील."

"आणि जिंकले तर?"

"तर खरीच जिंकशील."

यावर ती पटावर येऊन बसली. तो डाव ती हरली. दुसरा, तिसरा आणि चौथाहि. पण या वेळीं ती रडली नाहीं, कारण दरवेळीं ती थोडी अधिक वेळ टिकत होती आणि तें तिला कळत होतें. पांचव्या डावांत तिच्या राणीनें आमचा राजा कोंपऱ्यांत कोंडला. आम्हीं सर्व वाटा पाहिल्या. खरोखरच एकहि नव्हती. तिनें आमच्या चेहऱ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलें. आमची खात्री पटल्याची तिची खात्री पटली, तेव्हां ती उठली. या खेपेस ती ओरडली नाहीं कीं धांवली नाहीं. आजीपाशीं जाऊन हळूच तिच्या कानांत सांगितलें. खऱ्या विजयाला फार मोठा आवाज लागत नाहीं, हें आम्हांस त्या दिवशीं दिसलें.

मार्गशीर्षांतल्या एका रविवारीं असाच डाव चालला असतां चिरंजीव खिडकीपाशीं येऊन उभे राहिले. फळीवरचा वजीर त्यांनीं हातांत घेतला आणि फिरवून फिरवून पाहिला. मग आमच्याकडे न पाहतां ते म्हणाले, "अण्णा, जुना वजीर उंदरांनीं नेला नव्हता."

"मग?"

"मी आडांत टाकला होता. शेवटचा डाव हरलों त्या रात्रीं." थोडें थांबून ते पुढें म्हणाले, "दर डावांत तोच येऊन मला मारायचा. मला वाटलं, तो नसला तर तुम्हांला माझ्याशीं बरोबरीनं खेळावं लागेल. पण आठच दिवसांत तुम्ही सुताराकडून हा करून आणलात."

तो हरवलेला वजीर आम्हीं कपाटांत शोधिला, माळ्यावर शोधिला, उंदरांना बोल लाविला. पण मुलाला त्याबद्दल विचारावें, असें आम्हांस सुचलें नाहीं. मुलानें त्या वेळीं जें मागितलें होतें, तें बोलून मागण्याचें धैर्य त्यास नव्हतें, आणि न बोलतां समजून घेण्याची बुद्धि आम्हांस नव्हती. आम्हीं म्हटलें, "चूक आमची होती." एवढेंच म्हणतां आलें. बापानें मुलापुढें असें म्हणण्याची रीत आमच्या घरांत नव्हती. तें शब्द बाहेर पडतांना जड गेले, पण पडल्यावर हलकें वाटलें.

आमची नात या संभाषणाकडे पाठ करून पटाकडे पाहात होती. ती म्हणाली, "बाबा, आडांत अजून असेल का तो?" चिरंजीव हंसले, आणि तिच्या शेजारीं मांडी घालून बसत म्हणाले, "असेल. पण आतां राहूं दे. मला घेतेस का तुझ्या बाजूला?" तीस वर्षांनीं ते त्या पटावर बसले. दोघां बापलेकींनीं कुजबुजत कुजबुजत आमचा पराभव केला. तो पराभव आम्हीं मनापासून इच्छिला होता, पण त्यासाठीं एकहि चाल वांकडी केली नव्हती, हें येथें प्रामाणिकपणें नमूद करितों.

हल्लीं बुद्धिबळाला चांगले दिवस आले आहेत. २०२४ सालीं डी. गुकेश अठराव्या वर्षीं जगज्जेता झाला, त्याच वर्षीं बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्यें आपल्या पुरुषांनीं आणि महिलांनीं दोन्ही सुवर्णपदकें आणलीं. यामुळें पांच-सहा वर्षांच्या मुलांना वर्गांस घालण्याची घरोघर घाई दिसते. वर्ग वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. मोबाईलवरचें यंत्र तर भल्याभल्यांस हरवितें. तें दमत नाहीं, रागावत नाहीं, पुन्हां पुन्हां खेळतें. परंतु हरलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे तें पाहात नाहीं. विश्वनाथन आनंदास पहिला धडा त्याच्या आईनें घरींच दिला, तेव्हां तो सहा वर्षांचा होता. आपल्याकडील खाडिलकरांच्या एकाच घरांत वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणी तयार झाल्या. १९७४ सालच्या पहिल्या महिला राष्ट्रीय स्पर्धेंत वासंती विजयी झाली आणि १९८१ मध्यें रोहिणी आशियाची विजेती ठरली. सर्वच मुलें असा पराक्रम करतील असें नाहीं, आणि करावा अशी अपेक्षाहि धरूं नये. पण घरांत आजोबा असतील, काका-आत्या असतील, एखादा जुना पट माळ्यावर पडला असेल, तर तो खालीं काढावा. आणि वडीलपणाचा वजीर आधीं उतरवून मगच मुलासमोर बसावें, एवढी आमची अनुभवाची विनंती आहे. ज्या घरांत चार पिढ्या एका छपराखालीं नांदतात तेथें हें पथ्य पटापुरतेंच उपयोगी आहे, असेंहि नाहीं.

यंदाच्या संक्रांतीस तिळगूळ वाटून झाल्यावर नात पेटी घेऊन आली. तिनें सोंगट्या मांडल्या. आम्हीं संवयीप्रमाणें वजीर उचलण्यास हात पुढें केला, तों तिनें आमचा हात धरिला. "नको, आजोबा. आज वजीर ठेवा."

"हरशील."

"ठाऊक आहे."

तो डाव सत्तावीस चालींत संपला. आम्ही जिंकलों, वजिरानेंच मात केली. तिचे डोळे भरून आले. तिनें ते परकराच्या टोंकानें पुसले, पटाकडे थोडा वेळ पाहिलें, आणि फिकट काळा वजीर आपल्या हातानें उचलून त्याच्या मूळ घरांत नेऊन ठेविला.

"पुन्हां मांडूं?" तिनें विचारिलें.